मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या नाटकावरून धडा तयार करताना या चुका टाळा

१७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, पोवाडा झाला, नाटक झालं, सरपंचांनी बक्षीस दिलं. पुढे? बहुतेक शाळांत फोटोंची पीडीएफ बनते, ग्रुपवर फिरते आणि तिलाच शैक्षणिक साहित्य म्हणतात. अहवाल म्हणून ती ठीक. सातवीच्या पोराला तिच्यावरून शिकता काहीच येत नाही.

खरी गडबड संहितेत होते. संवाद आपण रचलेले असतात आणि मुलं तेच उत्तरपत्रिकेत इतिहास म्हणून उतरवतात. म्हणून संहितेचं एक पान मुलांच्या हाती द्या, पेन्सिलीनं खुणा करू द्या: घडलेलं अधोरेखित, रचलेलं चौकटीत. जानेवारी १९४८ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी नांदेडकडच्या उमरीची बँक लुटली, ही घटना. लुटणाऱ्यांच्या तोंडचं भाषण आपलं. ‘हे कशावरून?’ असं मुलानं विचारलं की साहित्य जमलं समजा.

मराठवाड्याच्या आजच्या ८ जिल्ह्यांचा नकाशा छापू नका. तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि जिल्हे ५ होते: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. लातूर उस्मानाबादेत, हिंगोली परभणीत. सोलापूर सरहद्दीपलीकडे, भारतात. भारताची फौज तिकडून नळदुर्गमार्गे का आली, हे त्या नकाशावरच कळतं.

रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे सशस्त्र स्वयंसेवक, दाखवायला दाढी-टोपी लावली की वर्गातल्या मुस्लिम मुलाकडे माना वळतात. हे होणारच, म्हणून आधीच तयारी ठेवा. रझाकारांविरुद्ध लिहिणारे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला, ते पान घ्या. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे सप्टेंबर १९४८ च्या त्या लष्करी कारवाईनंतर, मुस्लिम वस्त्यांवर काय गुजरलं हे पाहायला पंडित सुंदरलाल यांची समिती फिरली होती, तेही नववीला सांगा. कुणी कुरकुर केली तर करू द्या.

मुलं गावातल्या आजोबांची मुलाखत घेतील तेव्हा ‘लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचं योगदान सांगा’ म्हणू नका, ते पुस्तकात आहे. तेव्हा १० वर्षांचे असलेले आज नव्वदीकडे झुकलेत. रझाकारांच्या भीतीनं गाव सोडलं असेल तर तेव्हा गाडीत काय घातलं, गुरं कुणाकडे ठेवली, हे विचारा. नाव छापण्याआधी घरच्यांची परवानगी घ्या.

आणि भित्तिचित्राचे रंगीत फोटो झेरॉक्समध्ये काळे डाग होतात. त्यांची रेघांची चित्रं चित्रकलेच्या सरांकडून काढून घ्या.