मागावरच्या पूर्वजाचा माग कसा काढावा

दोन वर्षं मी आमचं आडनाव शोधत होते. नोंदणीच्या सूच्या, नझूलचे (शहरातल्या सरकारी जागेचे) कागद, शाळांची रजिस्टरं, जिथे जिथे बघू दिलं तिथे आडनावाचं बोट धरून गेले आणि रिकाम्या हातांनी परतले. मग एका जुन्या खरेदीखतात ओळ सापडली: अमुक वल्द तमुक, जात कोष्टी, धंदा विणकाम, राहणार टिमकी. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि टिमकी ही नागपुरातली वस्ती. नाव माझ्या खापरपणजोबांचं होतं, बापाचं नावही जुळत होतं. आडनावाचा मात्र पत्ता नव्हता. आमच्या घरात ते पहिल्यांदा दिसतं आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर.

एकोणिसाव्या शतकातल्या नागपूरच्या कागदांत कारागीर बहुतेक वेळा असाच भेटतो: स्वतःचं नाव, बापाचं नाव, जात, धंदा आणि वस्ती. विणकर असो, तांबट असो, रंगारी असो की सोनार. म्हणून आडनाव बाजूला ठेवून पेठ आणि धंदा धरून शोधायचं. पुढचं सगळं मी आमच्या कोष्टी घराच्या अनुभवावरून लिहिते आहे. धंदा वेगळा असला तरी वाट बरीचशी हीच.

घरातल्या म्हाताऱ्या बायकांपासून सुरुवात

कचेरीत जायच्या आधी आत्या, मोठी आई, आजीची धाकटी बहीण यांच्याजवळ बसा. पुरुषांना घराण्याचं नाव सांगता येतं. कोणाची मुलगी कुठे दिली, कोण बाळंतपणात गेली, कोणी दुसरा पाट लावला, हे बायकांना माहीत असतं. फोनवर आवाज भरून घ्या, पण आधी विचारून. सन विचारू नका, कारण तो कोणी सांगत नाही. प्रसंग विचारा. "मानमोडीच्या साथीत गेले" म्हटलं की 1918. "झेंडा सत्याग्रहाच्या वर्षी लग्न" म्हणजे 1923. "बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा मी कडेवर होते" म्हणजे 1956. अशा चार-पाच खुंट्या मिळाल्या की बाकीच्या आठवणी त्यांच्यावर टांगता येतात.

श्राद्धाच्या संकल्पात बाप, आजा आणि पणजा अशा तीन पिढ्यांची नावं घेतात. घरात श्राद्ध होत असेल तर सगळ्यात म्हाताऱ्या कर्त्या पुरुषाकडून ही नावं लिहून घ्या. त्याच्या वडिलांच्या तोंडची नावं त्याला आठवत असतील तर आणखी एक पिढी मागे जाता येतं. तिथीवरून साल कळत नाही, पण महिना आणि पक्ष कळतो आणि पुढे मृत्यूची नोंद पडताळताना त्याचा उपयोग होतो. एखादीचं श्राद्ध अविधवा नवमीला होत असेल तर ती नवऱ्याच्या आधी गेली, हेही पक्कं झालं.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या कागदाविषयी: लग्नातल्या आहेराची वही. कोणी किती रुपये दिले, कोणी चोळी-बांगडी केली, कोणी पितळेची घागर दिली, सगळं गावासकट लिहिलेलं असतं. आमच्या घरी 1930 च्या दशकातली अशी एक वही धान्याच्या कोठीमागे होती. तिच्यात उमरेड, पवनी आणि खापा अशा तीन गावांची नावं वारंवार येत होती. तिन्ही जुनी विणकरांची गावं. कोणी "मामाकडील", कोणी "आत्याकडील" असं लिहिलेलं होतं. एका वहीतून आमची नाती अर्धी उलगडली. तेरवीच्या पत्रिकाही टाकू नका. शोकाकुल म्हणून खाली छापलेली सगळी नावं म्हणजे त्या माणसाच्या वंशजांची तयार यादी असते.

नव्याकडून जुन्याकडे, एकेक पिढी

खापरपणजोबांवर थेट उडी मारायचा मोह होतो. मारू नका. वडील, आजोबा, पणजोबा असं एकेक पिढीने मागे जा आणि दर पिढीला निदान एक कागद हातात घ्या. मध्ये एक कडी निसटली की पुढचं सगळं दुसऱ्याच घराण्याचं निघू शकतं. आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची चाल असल्याने एकाआड एक पिढीत तेच नाव येतं. एकदा मीही फसले. सहा महिने ज्याच्यामागे होते तो माझ्या पणजोबांचा चुलतभाऊ निघाला.

शाळेचं दाखल खारीज रजिस्टर ही पहिली पायरी. नाव, बापाचं नाव, जात, राहण्याचं ठिकाण, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचं कारण, एवढं बहुधा मिळतं. जन्मतारखेवर मात्र विसंबू नका. ती गुरुजींनी अंदाजाने टाकलेली असायची. शाळा बंद झाली असेल तर रजिस्टर कुठे गेलं हे शिक्षण विभागात विचारावं लागतं. शहरातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी महानगरपालिकेत. खेड्यातल्या नोंदींसाठी कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीची) नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मागायची. गाव, नाव आणि अंदाजाचं साल, तिन्ही द्या. नुसत्या नावावर कोणी शोधून देत नाही आणि त्यांचाही त्यात दोष नाही.

एका कचेरीत मला "ते रजिस्टर वाळवीने खाल्लं" असं सांगितलं. दुसऱ्या वेळी मी लेखी अर्ज दिला, मौजा आणि सालं नेमकी लिहिली. चौथ्या दिवशी तेच रजिस्टर टेबलावर होतं. तोंडी विचारू नका, अर्ज करा आणि पोच घ्या.

घराचे आणि जमिनीचे कागद

इथे मन लावून वेळ द्या, कारण कारागिराचं नाव सगळ्यात जास्त इथेच सापडतं. शहरातल्या घरासाठी नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. जागा नझूलची असेल तर पट्ट्याचे कागदही मागा. त्यावरच्या फेरफारांतून मालकी कोणाकडून कोणाकडे गेली ते दिसतं. बाप गेल्यावर वारस म्हणून कोणाची नावं चढली, हीच छोटी वंशावळ असते.

दस्त जिथे नोंदवतात त्या दुय्यम निबंधकाकडे दस्तांच्या दोन मुख्य सूच्या असतात. सूची क्रमांक 1 माणसांच्या नावाने, सूची क्रमांक 2 मालमत्तेने. सूची दोनपासून सुरुवात करा. नाव चुकीचं लिहिलेलं असू शकतं, घराची जागा सहसा चुकत नाही. दस्त हाती आला की नुसतं घेणार-देणार वाचून ठेवू नका. चतुःसीमा वाचा: पूर्वेस अमक्याचं घर, दक्षिणेस तमक्याची पडीक जागा. वाटणी झाल्यावर भाऊ शेजारी शेजारीच राहतात, त्यामुळे चतुःसीमेतला शेजारी पुष्कळदा सख्खा भाऊ निघतो. साक्षीदारांची नावंही उतरून घ्या. कर्ज काढताना किंवा घर विकताना माणूस साक्षीला मेहुणा नाहीतर भाऊबंद नेतो. आमच्या खरेदीखतावरचा एक साक्षीदार पणजीचा भाऊ होता, हे आहेराच्या वहीशी ताडून पाहिल्यावर कळलं. वाटणीपत्र मिळालं तर सोनंच, सगळ्या शाखा एकाच कागदावर मिळतात.

खेड्यात थोडी जमीन असलेले विणकरही असत. मालगुजारीच्या गावांचे (जिथला सारा मालगुजार भरत असे) बंदोबस्ताचे, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याचे, कागद नागपूर जिल्ह्यात 1860 च्या दशकापासूनचे. पुढचा बंदोबस्त 1890 च्या दशकात झाला आणि त्यानंतरचा 1912 पासून पुढे. मालगुजारी 1951 साली गेली आणि मग 1954-55 चा अधिकार अभिलेख, म्हणजे जमीन कोणाच्या नावे आहे त्याची नोंद, तयार झाला. आधी तो मिळवा, त्यातलं खातं धरून मागे जा. "बेवा" म्हणजे विधवा, "जोजे" म्हणजे अमक्याची बायको, "अ.पा.क." म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता. एखाद्या साली बापाच्या जागी अ.पा.क. लिहून आईचं नाव आलं, तर तो बाप त्याआधी गेला आणि मुलं लहान होती, एवढं त्या तीन अक्षरांतून कळतं.

तारखा आणि मोडी

शके असेल तर 78 मिळवा, विक्रम संवत असेल तर 57 वजा करा; वर्षाच्या टोकाला एखाद्या सालाचा फरक पडतो. फसली, म्हणजे महसुली सनाशी सावध राहा. दक्षिणी फसलीत 590-591 मिळवायचे आणि उत्तरी फसलीत 592-593. आपल्या कागदावर कोणता फसली आहे हे त्याच कागदावरच्या दुसऱ्या एखाद्या तारखेवरून ठरवावं.

भोसल्यांच्या काळातले कागद, सावकारांच्या खतावण्या, घरगुती खतं पुष्कळदा मोडी लिपीत असतात. मोडीचे वर्ग भरतात, तिथे जा. आधी अंक शिका, मग बारा महिने, मग "वल्द", "जात", "राहणार", "रुपये" हे शब्द. एवढ्यावर कागद आपल्या कामाचा आहे की नाही ते ओळखता येतं. नीट वाचून घ्यायला जाणकार गाठावाच लागतो.

काळ कळल्याशिवाय माणूस कळत नाही

नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले 1853 साली वारले आणि पुढच्या वर्षी गव्हर्नर जनरल डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. दरबार गेला तसं तलम लुगडी आणि रेशीमकाठी धोतरं घेणारं मोठं गिऱ्हाईक गेलं. 1861 साली मध्य प्रांत झाला. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली आणि विलायती कापड स्वस्त झालं. 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले. लुगडं ही पोटाला अन्न मिळाल्यानंतर घ्यायची वस्तू, म्हणून दुष्काळात शेतकऱ्याबरोबर विणकरही बुडतो. आमचे पणजोबा याच सुमारास माग सोडून मिलमध्ये लागले. कोणाचे हिंगणघाट, पुलगावला गेले, कोणाचे थेट मुंबईला. वंशावळीतली एखादी शाखा 1900 च्या आसपास अचानक दिसेनाशी झाली तर गिरणीच्या गावांत शोधा. मिलचं टोकन, पगाराची चिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीचा कागद घरात असेल तर त्यावरचा क्रमांक आणि खातं लिहून ठेवा.

धंद्यावरून जात गृहीत धरू नका, ही एक महत्त्वाची गोष्ट. नागपुरात कोष्टी विणत, मोमिनपुऱ्यातले मोमिन विणत, महार समाजातलेही पुष्कळ विणत. कागदावर जे लिहिलं आहे तेच उतरवा, आपल्याला हवं ते नको.

सिव्हिल लाइन्समधल्या विदर्भ अभिलेखागारात आणि राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटल या संकेतस्थळावर सरकारी फायली आहेत. तिथे साध्या विणकराचं नाव क्वचित मिळेल, पण त्याच्या धंद्याची हकिकत मिळते. नागपूर दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, रेसिडेंट जेन्किन्स, याचा 1827 चा अहवाल आणि 1908 चं जिल्हा गॅझेटियर जरूर वाचा. जनगणनेत नाव शोधायला मात्र जाऊ नका. आपल्याकडे घरोघरी भरलेली जुनी पत्रकं जपून ठेवलेली नाहीत, फक्त आकडे छापले गेले.

पुन्हा खाली, वंशजांकडे

मूळ पुरुष सापडला की त्याच्यापासून खाली यायचं, आणि इथे बहुतेक वंशावळी लंगड्या पडतात, कारण त्या मुलग्यांच्याच असतात. मुलगी लग्नानंतर नाव-आडनाव दोन्ही बदलते आणि कागदातून निघून जाते. तिला सोडू नका. आमच्या खापरपणजोबांचा धोटा (मागावर आडवा धागा नेणारं साधन) एका लेकीच्या पणतीकडे पवनीला मिळाला. घर आणि कर्ज मुलग्यांकडे गेलं, वस्तू आणि गोष्टी लेकींकडे. समाजाच्या वधू-वर सूच्या, जुन्या लग्नपत्रिका, वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता यांतून या शाखा जुळतात. काही समाजांच्या वंशावळी भाटांच्या पोथ्यांत असतात, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही पूर्वजांच्या सह्या मिळतात. घरचं कोणी तिकडे गेलं होतं का ते विचारून जा.

दर नोंदीपुढे कुठल्या कचेरीत, कुठल्या रजिस्टरच्या कितव्या पानावर, कोणत्या तारखेला पाहिलं ते लिहा. नुसतं कोणी सांगितलेलं असेल तर सांगणाऱ्याचं नाव लिहा आणि शाईचा रंग वेगळा ठेवा. दत्तक, दुसरं लग्न, सोडून गेलेला नवरा असं काही निघालं तर आधी त्या शाखेतल्या म्हाताऱ्या माणसाला एकट्यात विचारा आणि त्याची इच्छा पाळा. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते कुठेही चढवू नका.

आमच्या कागदावर आज सात पिढ्या आहेत. खापरपणजोबांच्या बायकोचं नाव अजून मिळालेलं नाही. तिच्या जागी मी पेन्सिलीने फक्त "उमरेडची" असं लिहून ठेवलं आहे. येत्या पितृपक्षात उमरेडला तिच्या माहेरच्या आळीत जाणार आहे, तिथे नव्वदीच्या एक आजी आहेत म्हणे.