कोळशाची राख कधी वितळते आणि स्लॅग कधी अडतो: चाचणी अशी करा

औष्णिक वीज केंद्राच्या लॅबमध्ये नवीन आलेली मुलं हमखास विचारतात, "मॅडम, या राखेचा मेल्टिंग पॉइंट किती?" राखेला असा एक आकडा नसतो. सिलिका, अ‍ॅल्युमिना, लोह, कॅल्शियम एकत्र असल्यामुळे ती टप्प्याटप्प्याने मऊ पडते, म्हणून आपण चार तापमानं नोंदवतो.

कोळसा ८१५ अंश सेल्सिअसला पूर्ण जाळून राख करा आणि ती ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जाईल इतकी बारीक वाटा. डेक्स्ट्रिनच्या (स्टार्चपासून केलेल्या डिंकाच्या) पाण्यात मळून साच्यात दाबा. साच्याला पेट्रोलियम जेलीचा हात नुसता फिरवायचा, थर नको. साधारण १९ मिलिमीटर उंचीचा तिकोनी सुळका निघेल. त्याची कड तासल्यासारखी धारदार हवी. पहिलं तापमान टोक गोल होण्यावरून ठरतं, त्यामुळे टोक आधीच बोथट असेल तर तो सुळका फेकून नवा करा. इथे घाई करू नका.

भट्टी मिनिटाला साधारण ८ अंशांनी चढवा. टोक गोलावलं की ते आयडीटी, म्हणजे आकार बदलायला लागण्याचं पहिलं तापमान. पुढे सुळका मऊ होऊन बसतो, मग त्याचा अर्धगोल होतो आणि शेवटी तो पसरतो. भट्टीचं थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सोन्याच्या तारेवर पडताळा, ती १,०६४ अंशांना वितळते.

चाचणी दोन्ही वातावरणांत घ्या. हवेत लोह फेरिक (जास्त ऑक्सिजन धरलेलं) राहतं. कार्बन मोनॉक्साइड असलेल्या वायूत ते फेरस (कमी ऑक्सिजनचं) होतं आणि राख लवकर पाघळते. लोह जास्त असेल तर फरक चांगलाच मोठा येतो. बॉयलरमध्ये बर्नरजवळ हवा कमी पडली की हेच घडतं, म्हणून मी नेहमी कमी आलेला आकडा ऑपरेशनवाल्यांच्या पुढ्यात ठेवते. हा वायू विषारी आहे. एक्झॉस्ट आणि गॅस अलार्म तपासल्याशिवाय सिलिंडर उघडायचा नाही.

आता ब्लेंडिंग. विदर्भातल्या कोळशात राख ४० टक्के आणि इंडोनेशियन कोळशात ५ टक्के धरा. ७०:३० मिश्रणाच्या १०० किलोत आपली राख २८ किलो आणि त्यांची दीडच किलो, म्हणजे एकूण राखेत जेमतेम ५ टक्के. त्यामुळे दोन्ही राखा ७०:३० प्रमाणात कालवून सुळका केला तर निकाल साफ चुकीचा येतो. कोळसा मिसळा, मग जाळा. आणि दोन कोळशांच्या आकड्यांची सरासरी तर काढूच नका: सिलिका-अ‍ॅल्युमिनाच्या राखेत कॅल्शियम आणि लोह शिरलं की तापमान दोन्हींपेक्षा खालीही जाऊ शकतं. इंडोनेशियन राख वेगळीही तपासा, कारण नळ्यांवर आदळणारा प्रत्येक कण मिश्रणाचा नमुना नसतो.

इथवर सगळे करतात. पण सुळका तापताना काय होतं ते सांगतो आणि स्लॅग, म्हणजे वितळलेली राख, अडतो तो थंड होताना. सिलिका भरपूर असलेला स्लॅग काचेसारखा हळूहळू घट्ट होत जातो. कॅल्शियम किंवा लोह जास्त असलेला पातळ वाहतो, आणि एका तापमानाला त्यात अ‍ॅनॉर्थाइट किंवा स्पिनेल या खनिजांचे स्फटिक धरले की पाक साखरावा तसा एकाएकी अडतो. वितळलेला स्लॅग तळातून काढणाऱ्या गॅसिफायरमध्ये (कोळशाचा वायू करणाऱ्या भट्टीत) तोंडाशी चिकटपणा २५ पास्कल-सेकंदांच्या आत हवा असतो. स्फटिकांनी ही मर्यादा काही अंशांतच ओलांडली जाते.

चिकटपणा मोजणारा व्हिस्कोमीटर नसेल तरी स्फटिक कधी धरतात हे पाहता येतं. प्लॅटिनमच्या मुशीत, हवेत, राख पूर्ण वितळवा. (अ‍ॅल्युमिनाची मूस स्लॅगमध्ये विरघळून रचना बदलते.) हव्या तापमानाला उतरवून तासभर धरा आणि पाण्यात टाका. त्या तापमानाला जे द्रव होतं त्याची काच होते, तयार स्फटिक तसेच राहतात. वाटून एक्स-रे डिफ्रॅक्शनला (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखणाऱ्या चाचणीला) लावा: काचेचा नुसता रुंद फुगवटा येतो, स्फटिकांची टोकदार शिखरं. तापमान २५-२५ अंशांनी उतरवत गेलात की शिखरं कुठे उगवतात ते कळतं. लोहाच्या राखेसाठी हाच प्रयोग क्षपणकारी (कार्बन मोनॉक्साइड असलेल्या) वायूत करावा लागतो, तिथे प्लॅटिनम चालत नाही, मॉलिब्डेनम घ्या.

रिपोर्टमध्ये चार तापमानांसोबत वातावरण, कोळशाचं प्रमाण आणि शिखरं पहिल्यांदा दिसली ते तापमान लिहा. भट्टीतून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान आयडीटीच्या किमान ५० अंश खाली ठेवा, असं मी शिफ्ट इन्चार्जला वेगळ्या ओळीत लिहून देते.