जुन्या ट्रकच्या रेडिएटरचं माउंटिंग शोधताना या चुका टाळा

रेडिएटर झाळ देऊन आणला आणि थोड्याच दिवसांत पुन्हा त्याच जागी गळायला लागला, तर कोअरला (पाणी गार करणाऱ्या नळ्या-पत्र्यांच्या जाळीला) दोष देण्याआधी माउंटिंगची, म्हणजे रेडिएटर ज्यावर बसतो ती खालची रबरं बघा. खड्ड्यात चाक गेलं की चासी (गाडीचा खालचा सांगाडा) पिळते. तो पीळ रेडिएटरपर्यंत पोचू द्यायचा नाही, हे या रबरांचं, म्हणजे रबर बुशचं काम. रबर दगडासारखं कडक झालं की सगळा ताण ब्रॅकेटवर (रेडिएटर धरणाऱ्या पट्टीवर) आणि रेडिएटरच्या टाकीच्या जोडावर येतो.

सर्रास होणारी चूक म्हणजे जुनं रबर खिशात घालून दुकानात जायचं आणि ‘अगदी असंच द्या’ म्हणायचं. वर्षानुवर्षं वजनाखाली दबलेलं रबर उंचीला कमी झालेलं आणि कडेने फुगलेलं असतं. मूळ २५ मिमीचं रबर १८ वर बसलं असेल आणि त्याच मापाचं नवं आणलं, तर रेडिएटर पहिल्या दिवसापासून खाली बसतो.

माप रबराचं नको, त्याच्या भोवतीच्या लोखंडाचं घ्या. वर एक आणि खाली एक रबर असलेल्या माउंटिंगमध्ये बहुतेक वेळा मधून पोलादी स्लीव्ह, म्हणजे बोल्टभोवतीची छोटी नळी जाते. ती दबत नाही. नट पूर्ण आवळल्यावर दोन्ही वॉशरमध्ये जेवढं अंतर राहतं, तेवढीच तिची लांबी. समजा स्लीव्ह ४२ मिमी आणि ब्रॅकेटचा पत्रा ४ मिमी, तर दोन्ही रबरांना मिळून ३८ मिमी जागा उरते. नव्या रबरांची मोकळी उंची (भोकात शिरणारी कॉलर सोडून) याहून थोडी जास्त हवी, म्हणजे ती दाबात बसतील. कमी पडली तर खडखड ठरलेली. व्हर्निअरने स्लीव्हचा बाहेरचा व्यास, ब्रॅकेटच्या भोकाचा व्यास आणि बोल्टचा आटाही मोजा. भोक घासून अंडाकार झालं असेल तर ते आधी दुरुस्त करा. नाहीतर नवं रबर त्यात कातरलं जाईल.

चासी नंबरावर डोळे झाकून विसंबू नका. कॅटलॉगमध्ये निघतो तो कारखान्यातून गाडी बाहेर पडली तेव्हाचा भाग. मधल्या काळात कुणी दुसऱ्या मॉडेलचा रेडिएटर बसवला असेल, तर तो नंबर निरुपयोगी. दोन खालच्या बोल्टमधलं अंतर आणि कोअरची जाडी प्रत्यक्ष मोजून ताडून पाहा. ब्रॅकेटवर उठवलेला ओतकामाचा नंबर म्हणजे पार्ट नंबर असेलच असंही नाही.

टायरचा तुकडा कापून लावणं हा जुना जुगाड. टायरमध्ये दोऱ्यांचे किंवा तारेचे थर असतात, त्यामुळे तो मऊपणे दबत नाही. पीयू (पॉलियुरेथेन) बुशही इथे फार कडक पडतात. ईपीडीएम जातीचं कृत्रिम रबर उष्णता आणि कूलंट सोसतं, पण तेलात फुगतं. इंजिनाचं तेल झिरपत असेल तर गळती आधी थांबवा.

अर्धा संच आणू नका. दोन खालच्या जागा असतील तर रबरं ४, स्लीव्ह २, कप वॉशर ४ आणि नवे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज न सुटणारे) २. शिवाय रेडिएटरला वरून धरणाऱ्या स्टे रॉडची बुश वेगळी. स्लीव्ह गंजून आखूड झाली असेल आणि तीच परत घातली, तर नट आवळताना रबर चेपून निकामी होतं.

बसवताना इंजिन थंड हवं आणि बॅटरीची वायर काढलेली. रेडिएटरखाली लाकडी फळी ठेवून जॅकचा आधार द्या, एका वेळी एकच बाजू सोडा. होज ताणला जातोय असं दिसलं तर क्लिप सैल करा. रबर सरकत नसेल तर साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको. स्टे रॉड शेवटी आवळा, नाहीतर रेडिएटर तिरका ओढला जातो. मग पंखा हाताने फिरवून पाती आणि शेराउडमधली (पंख्याभोवतीच्या, रेडिएटरला जोडलेल्या कड्यामधली) फट चारही बाजूंना बघा. वर जास्त आणि खाली कमी निघाली, तर रेडिएटर उंच बसलाय किंवा इंजिनाचं माउंटिंग खचलंय. हे दुसरं कारण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.