लक्झरी गाडीचा पार्ट: तोच, पण कमी किमतीत

लक्झरी गाडी जुनी झाली की खिसा रिकामा होतो तो सुट्या भागांपायी. पण यातले बरेच भाग गाडीची कंपनी स्वतः बनवतच नाही. बॉश, माले, लेमफर्डर यांसारखे पुरवठादार बनवतात. म्हणून काढलेला जुना भाग मेकॅनिककडून मागून घ्या आणि फडक्याने पुसा. त्यावर बहुधा बनवणाऱ्याचं नाव आणि पार्ट नंबर उमटवलेला असतो. चॅसी नंबरवरून तो नंबर पडताळा, मग पुरवठादाराच्याच खोक्यातला भाग मागवा. नव्या भागावर गाडीच्या कंपनीच्या लोगोची जागा घासलेली दिसली तरी बिचकू नका, असं पुष्कळदा असतं. कंट्रोल आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) आणि वॉटर पंपात तर मोठी बचत होते.

इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मात्र विचारूनच घ्या. अनेक मॉड्यूलना गाडीशी कोडिंग, म्हणजे सॉफ्टवेअरने जुळवणी, लागतं.