पेंढा पेटीत, पातेरा जाळात: भातखाचरातल्या या चुका टाळा

कोकणात मार्चमध्ये उडवीतला, म्हणजे रचून ठेवलेला, पेंढा गाडीत चढतो आणि हापूसच्या पेट्यांत बसून वाशीच्या बाजारात जातो. चार पैसे मिळतात, नाही असं नाही. पण टनभर पेंढ्याबरोबर 15 किलोच्या आसपास पालाशही (पोटॅश) खाचरातून गेलं, हे कोण धरतं? त्यात पावसाळी भातामागून वायंगणी (उन्हाळी) भात, तेही त्याच कुणग्यात, म्हणजे खाचराच्या तुकड्यात, दरवर्षी. सगळा पेंढा ठेवा असं मी म्हणत नाही. गुरं आहेत, आंबा आहे. कापणी वीतभर वरून करा, धसकटं शेतातच राहू द्या. आंबे पिकवायची अढी मोडल्यावर उरलेला पेंढा पेटवू नका, गायरीत (शेणखताच्या खड्ड्यात) टाका.

रोपवाटिकेची जमीन भाजली की, म्हणजे भाजावळीनं, तण मरतं, तरवा (भाताची रोपं) जोमदार येतो, हे खरं. पण कवळ (तोडलेल्या डहाळ्या), पातेरा (वाळका पाला), शेण जाळून हाती राख लागते. नत्र आणि कार्बन धुरात. तरव्याला भाताच्या तुसाची राख घाला, भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत तेच सांगतात. पातेरा कुजवायला ठेवा.

सगळ्यात महाग चूक शेणखताची. शिमगा झाला की टोपल्यांनी खाचरात ढीग घालायचे आणि मृगापर्यंत तिकडे फिरकायचं नाही. ऊन खाऊन खत वाळतं, पहिल्या सरींत अर्धं ओढ्या-वहाळाला लागतं. आमच्या वरच्या कुणग्यात एका वर्षी ढिगांच्या जागी रोप काळंभोर हिरवं आणि हातभर पलीकडे पिवळं होतं. आम्ही रोग समजून फवारणी करून बसलो! आता खत गायरीतच झावळ्यांखाली राहतं. नांगरणीच्या दिवशी नेतो, त्याच दिवशी मातीआड करतो.

लावणीनंतर रोप पिवळं पडलं, चिखलात पाय घालताच बुडबुडे आले, कुजक्या अंड्यांचा वास सुटला, उपटल्यावर मुळं काळी निघाली, तर कच्चं शेण किंवा पेंढा उशिरा गाडला गेलाय. युरियाची घाई नको. पावसानं उसंत दिली तर पाणी सोडून दोन-तीन दिवस जमिनीला हवा लागू द्या, मग थोडा युरिया.

हिरवळीच्या खतासाठी ताग-धैंचाच्या मागे लागू नका. मे महिन्यात पाणी कुठलं, आणि पावसावर पेरला तर दीड महिन्याचा होईतो लावणी टळते. बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा. लावणीच्या आठवडाभर आधी गुंठ्याला 30 किलो कोवळा पाला चिखलात तुडवा. जाड फांद्या नकोत, लावणीवाल्यांच्या पायांत घुसतात.

माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ‘जास्त’ आला म्हणून खुशाल राहू नका. जांभ्याच्या आम्ल जमिनीत कर्ब बरा दिसतो, तरी स्फुरद (फॉस्फरस) लोहाशी बांधलेलं असतं, पिकाला सहज मिळत नाही. नमुना खताच्या ढिगाखालचा किंवा बांधाकडचा तर नाही ना, तेही बघा.

आणि वायंगणी भात दरसाल कशाला? एखाद्या वर्षी भात कापल्यावर ओलीवर कुळीथ किंवा वाल टाका, शेंगा काढून पाला तिथेच पडू द्या.