खुनाच्या जागा दाखवणारा गाईड व्हायचं असेल तर

मराठवाड्यातल्या जुन्या गुन्ह्यांच्या जागा लोकांना पायी फिरून दाखवायचं काम मी करतो. इतिहासात एम.ए. केलेली, पर्यटनाचा कोर्स केलेली मुलंमुली अधूनमधून फोन करतात. लंडनमध्ये 1888 च्या व्हाइटचॅपल खुनांवर अजून टूर निघतात, पुण्यात शनिवारवाड्यासमोर उभं राहिलं की नारायणरावांचा खून शाळकरी पोरसुद्धा सांगतं, मग आपल्याकडे काय आहे, असं त्यांना विचारायचं असतं. आपल्याकडे पुष्कळ आहे. नीट सांगणारी माणसं मात्र कमी आहेत, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात देवगिरीपासून करा. किल्ला संभाजीनगरपासून जवळ आहे, माणसं आपोआप येतात आणि एकाच ठिकाणी तीन-चार शतकांचा रक्तपात आहे. 1271 मध्ये रामचंद्रदेव यादवाने गादी बळकावली आणि चुलतभाऊ आमणदेवाचे डोळे काढले. 1318 मध्ये मुबारक खिलजीने हरपाळदेवाला हाल करून मारलं. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह इथल्या चिनी महालात कैदेत राहिला आणि कैदेतच वारला. हे सगळं एका फेरीत कोंबायचा मोह होतो. तो आवरा. मी एकच घटना मधोमध ठेवतो, बाकीच्या जाता जाता सांगतो.

ती घटना म्हणजे लखुजीराव जाधवांचा खून. 25 जुलै 1629, श्रावणी पौर्णिमा. निजामशाहाच्या दरबारात मुजऱ्याला आलेल्या लखुजीरावांना कापून काढलं. त्यांच्याबरोबर मुलगे अचलोजी आणि रघुजी, नातू यशवंतराव. सिंदखेडराजाच्या घराण्याच्या तीन पिढ्या एका दिवसात गेल्या. लोकांना लखुजीराव माहीत असतात, बाकीची तीन नावं बहुतेकांनी ऐकलेलीच नसतात. म्हणून चौघांची नावं घेतल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. मग तारखेकडे लक्ष वेधतो. शिवाजी महाराजांचा जन्म 19 फेब्रुवारी 1630 चा. म्हणजे माहेरची चार माणसं मारली गेली तेव्हा जिजाऊ गरोदर होत्या. एवढं सांगितलं की ज्या बायका तोवर फोटो काढत असतात त्या फोन खाली घेतात. पुढे जाधव मंडळी मोगलांकडे गेली, शहाजीराजेही 1630 मध्ये निजामशाही सोडून मोगलांना मिळाले, आणि 1633 मध्ये हा किल्ला मोगलांनी घेतला. दरबारातल्या एका खुनाने राज्याचा पाया कसा हलतो हे चालता चालता कळतं.

दरबाराची ती जागा नेमकी कुठली, याची खूण आज किल्ल्यात नाही. ती तयार करू नका. एखाद्या दगडाकडे बोट दाखवून 'इथेच रक्त सांडलं' म्हणणं फार सोपं असतं आणि बक्षिसीही बरी मिळते. पण एकदा खोटा दगड दाखवला की पुढच्या गाईडलाही तोच दाखवावा लागतो, आणि दहा वर्षांत तो इतिहास होऊन बसतो. मी महाकोट नावाच्या तटबंदीतल्या पडक्या वाड्यांपाशी मोकळ्या जागेत उभा राहतो आणि सरळ सांगतो की घटना या किल्ल्यातली, जागा मी निवडलेली. कुणाचाही हिरमोड होत नाही. अंधारी दाखवतानाही हेच पथ्य. तो भुयारी मार्ग शत्रूला कोंडून मारण्यासाठी बांधलेला आहे. ती युद्धाची रचना आहे, गुन्ह्याची नाही. लोक तिथल्या काळोखात थरार मागतात. वटवाघळांच्या वासात, बॅटरीच्या उजेडात मी पायऱ्यांवर लक्ष ठेवायला सांगतो आणि गोष्ट बाहेर उन्हात आल्यावर सांगतो.

माझा खरा जीव आहे तो हिंगोलीवर. बाहेरून येणारा हिंगोलीला आला तर औंढा नागनाथला जातो, नाहीतर नर्सीला. गावात मात्र निजामाच्या फौजेची छावणी होती आणि तिची नावं अजून जिवंत आहेत: पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. या छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा व्यापारी होता. मोठी पत, इंग्रज अधिकाऱ्यांशी देवघेव. तो त्या भागातल्या ठगांचा, म्हणजे वाटसरूंना गळा आवळून मारून लुटणाऱ्यांचा, म्होरक्या निघाला. मेडोज टेलर हा निजामाच्या फौजेतला अधिकारी. त्याने 1839 साली छापलेल्या ठगांवरच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की या माणसाशी त्याचा स्वतःचाही व्यवहार झाला होता. हरिसिंगाने मुंबईहून कापड आणायचं म्हणून जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडून रीतसर परवाना घेतला. कापड होतं हिंगोलीजवळच्याच एका गावच्या व्यापाऱ्याचं, आणि तो ते घेऊन वाटेवर होता. त्याला, त्याच्या नोकरांना, बैल हाकणाऱ्यांना मारलं आणि त्याच परवान्यावर तो माल छावणीत आणून उघड विकला. पकडला गेल्यावर त्याने स्वतःच कबूल केलं, तेव्हा कुठे हे बाहेर आलं.

टेलर पुढे दोन अंतरं देतो. बाजारात मुख्य चौकीपासून शंभर यार्डांच्या आत माणसं मारली गेली, आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली गेली. अंतरं दिली, दिशा दिली नाही. म्हणून मी जागा दाखवत नाही, अंतर चालवतो. सदर बाजारात सगळ्यांना एका दुकानापाशी थांबवतो, एकाला शंभर पावलं पुढे पाठवतो आणि तिथून हाक मारायला सांगतो. भर बाजाराच्या गलबल्यातही हाक ऐकू येते. मग विचारतो, एवढ्या अंतरावर पहारा असताना कुणालाच काही कसं ऐकू गेलं नाही? उत्तर लोकच शोधतात: गळ्याला रुमालाचा फास बसला की आवाजच फुटत नाही. पुढचा प्रश्न कुणीतरी आपणहून विचारतं, की घरच्यांनी तक्रार कशी केली नाही. परगावी निघालेला माणूस महिनोन्‌महिने न परतणं तेव्हा नवं नव्हतं, आणि तो वाटेत कुठे हरवला हे घरी कळायला मार्गच नव्हता. या दोन प्रश्नांपुढे फेरी आपोआप चालते.

इथे एक गोष्ट नव्या मुलांनी पक्की शिकायची. ठगांबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंचसं माफीच्या साक्षीदारांच्या तोंडचं आहे. स्वतःची मान वाचवायला बोलणारा माणूस साहेबाला हवं तेच जास्त बोलतो, आणि कंपनी सरकारला ठग म्हणजे सगळ्या देशात पसरलेला देवीभक्तांचा एकच पंथ असं दाखवायचंच होतं. 1836 च्या कायद्यात तर ठगांच्या टोळीत असल्याचं सिद्ध झालं की जन्मठेप होती. त्यामुळे मी कबुलीजबाब आणि उकरलेली थडगी वेगळी सांगतो. हिंगोलीत साक्षीदारांनी दाखवलेले खड्डे उकरले, त्यातून एकेका जागी अनेक प्रेतं निघाली आणि टेलर तिथे स्वतः उभा होता. तो पुरावा भक्कम. भवानीच्या कौलाच्या रंगीत कथा तशा नाहीत. आणखी एक खंत मी फेरीत बोलून दाखवतो: टेलरने मारेकऱ्याचं नाव लिहिलं, त्या व्यापाऱ्याचं लिहिलं नाही. बैल हाकणाऱ्यांचं तर कोण लिहिणार!

मानवतबद्दल हमखास विचारणा होते. 1972 ते 1974 या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये गुप्तधनाच्या हव्यासापायी मुली आणि बायकांचे जे खून झाले, त्यांचा तपास रमाकांत कुलकर्णींसारख्या अधिकाऱ्याने केला, त्यावर पुष्कळ लिहिलं-दाखवलं गेलं. तिथे फेरी काढली तर गर्दी होईल हे मला माहीत आहे. मी काढत नाही, आणि माझ्याकडे शिकणाऱ्यालाही काढू देत नाही. त्या मुलींच्या बरोबरीच्या बायका आज साठीच्या पुढे असतील. त्यांच्या दारावरून अनोळखी माणसांचा घोळका नेऊन 'इथे प्रेत सापडलं' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जादूटोणाविरोधी कायदा 2013 मध्ये झाला, त्याबद्दल बोलताना मानवतचा उल्लेख मी जरूर करतो, पण तो बसून, व्याख्यानात. माझा नियम साधा आहे: ज्या खुनाचं दुःख अजून कुणाच्या घरात आहे, तिथे चालत जायचं नाही. नांदेडला गुरू गोविंदसिंगांवर 1708 मध्ये झालेला हल्ला जुना आहे, पण ती श्रद्धेची जागा आहे. ती गुन्ह्याच्या फेरीत धरू नका.

आता पोटापाण्याचं. देवगिरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे आणि अशा वास्तूत पैसे घेऊन लोकांना फिरवायला परवाना लागतो. परवान्याशिवाय काम सुरू करू नका. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, राज्याच्या पर्यटन संचालनालयाचं प्रशिक्षण असतं, आणि विद्यापीठात पर्यटन विभाग आहे. निव्वळ गुन्ह्यांच्या फेऱ्यांवर घर चालत नाही. वेरूळ-अजिंठ्याचं नेहमीचं काम हातात ठेवा, ही फेरी सुटीच्या दिवशी. हंगाम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. एप्रिल-मे मध्ये कुणी कितीही आग्रह केला तरी दुपारी किल्ल्यावर नेऊ नका.

वाचायला गॅझेटियर आहेतच, सरकारने ते इंटरनेटवर फुकट ठेवलेत. पण त्यावर थांबू नका. उर्दू वाचायला शिका. निजामाच्या राज्यात कचेऱ्यांचा कारभार आधी फारसीत होता, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो उर्दूत आला, आणि आपल्या भागाची कितीतरी दफ्तरं अजून हैदराबादेत आहेत. माझ्या माहितीतल्या बहुतेक गाईडांना मोडी येते, उर्दू येत नाही, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं मराठवाड्याचं काहीही शोधायला गेलं की ते तिथेच अडकतात. मोहल्ल्यातल्या एखाद्या निवृत्त मास्तरांकडे संध्याकाळी बसलात तर काही महिन्यांत अक्षरओळख होते. हे लोक आनंदाने शिकवतात.

हिंगोलीची फेरी करायची असेल तर पहिली खेप गावातल्याच लोकांना घेऊन काढा, पैसे न घेता. पेन्शनपुऱ्यातले म्हातारे तुमच्या चुका काढतील, जुन्या गल्ल्यांची नावं सांगतील, आजोबांकडून ऐकलेलं काही सांगतील. सगळं वहीत उतरवा, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून, आणि ऐकीव ते ऐकीव म्हणूनच वेगळं ठेवा. शहरातला पहिला गट त्यानंतर आणा.