बोरॉन ऑक्साइड बनवताना या चुका टाळा

बोरिक ॲसिड तापवलं की पाणी निघून जातं आणि बोरॉन ट्रायऑक्साइड उरतं. पुस्तकात हे एका ओळीत उरकतं. भट्टीपाशी मात्र हा पदार्थ वैताग आणतो, आणि बहुतेक वेळा मूळ एकच असतं: पाणी. ते पुरतं जात नाही, जाताना बोरॉन घेऊन जातं आणि पाठ फिरवली की परत येतं.

सगळ्यात महागात पडते ती घाई. मूस (पदार्थ तापवायचं भांडं) थेट तापलेल्या भट्टीत ठेवली तर बोरिक ॲसिड फुगून उतू जातं. शिवाय ते वाफेबरोबर उडतं. झाकणाखाली दिसणारी पांढरी पूड म्हणजे तुमचाच माल. आधी १७० अंश सेल्सिअसच्या आसपास थांबा, तिथे मेटाबोरिक ॲसिड बनतं, म्हणजे थोडंच पाणी गेलेला मधला टप्पा. मग ३०० च्या पुढे हळूहळू चढा.

दुसरी चूक, ‘वितळलं म्हणजे झालं’ असं मानणं. मेटाबोरिक ॲसिडही दोनशेच्या वर वितळतं. ४५० अंश हा स्फटिकरूप ऑक्साइडचा वितळणबिंदू. आपल्या हाती येते ती काच, आणि ती एका ठरावीक तापमानाला वितळत नाही, हळूहळू मऊ पडते. रस इतका चिकट की बुडबुडे आतच अडकतात. शेवटचं पाणी काढायला ८०० ते १००० अंशांवर तो बराच वेळ ठेवावा लागतो.

वजन करा. १०० ग्रॅम बोरिक ॲसिडमधून ५६.३ ग्रॅम ऑक्साइड मिळायला हवं. ७१ च्या आसपास अडकलात तर अजून मेटाबोरिकच आहे. ५६ च्या खाली गेलात तर बोरॉन उडालं. पण नेमकं ५६ आलं म्हणून खूश होऊ नका: थोडं पाणी राहिलं आणि थोडं बोरॉन गेलं, तरी बेरीज जुळते! पुन्हा तापवून वजन स्थिर राहतं का ते बघा. खात्रीच हवी असेल तर मॅनिटॉल (एक साखरेसारखा पदार्थ) घालून सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन (टायट्रेशन) करा, त्यातून बोरॉन किती आहे ते कळतं.

चिनी मातीची मूस शुद्ध मालासाठी नको. रस तिच्यातली सिलिका विरघळवतो आणि थंड होताना मूस तडकते. प्लॅटिनम उत्तम. बोरॅक्सपासून बोरिक ॲसिड केलं असेल तर ते गरम पाण्यातून पुन्हा स्फटिकवा, नाहीतर सोडियम राहतं आणि ज्योतीच्या चाचणीत बोरॉनचा हिरवा रंग सोडियमच्या पिवळ्यात बुडतो.

पारदर्शक तुकडे उघड्यावर ठेवले तर वर पांढरा थर चढतो: हवेतल्या ओलाव्याने पुन्हा बोरिक ॲसिड. कोमट असतानाच डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) टाका आणि पूड ऐनवेळी करा, मास्क लावून. बोरॉनची ही संयुगं प्रजननक्षमतेला घातक मानली जातात.

मुशीला चिकटलेली काच हातोडीने फोडू नका. मूस पूर्ण थंड झाल्यावर कोमट पाण्यात भिजत ठेवा, विरघळून निघते.